विनंती बदली

दुपारचं जेवण झालं की मी आडवा होतो आणि छताच्या पंख्याकडे बघत डोळे मिटायची वाट पाहतो. आत्ता पंखा फिरतोय, पण त्याची पाती वेगळी दिसेनाशी झाली आहेत. म्हणजे झोप दाराशी आली आहे. ती आत येणार की बाहेरच चपला काढत बसणार, एवढाच प्रश्न आहे.

खरं तर आज झोपायची हिंमत होत नाहीये. मी जेवत असतानाच जुईली येऊन सांगून गेली, "आबा, मी आज जर्सी परत देणार. संघात बारावी खेळाडू म्हणून बसमधून जायचं, बाकावर बसायचं, बसमधून परत यायचं. वर्षभरात एकदाही कोर्टवर पाय नाही. तुम्ही हो म्हणा, की देऊन टाकते."

जुईली माझी नात नव्हे. माझा मित्र पद्माकर गुळवणी, त्याची ती नात. गेल्या दिवाळीनंतर पद्माकर गेला, तेव्हापासून 'हो' म्हणायचं त्याचं काम माझ्याकडे आलं आहे. मी म्हणालो, "झोपून उठल्यावर सांगतो." जन्मभर विनोदी लेखांतून लोकांच्या खोड्या काढून पोट भरलेल्या माणसाला याहून गंभीर उत्तर सुचत नाही.

गडहिंग्लजला कॉलेजच्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने आम्ही दोघं वर्षानुवर्षं पाहिले. दोन म्हातारे मुलींच्या सामन्याला का येतात, याची गावाला सुरुवातीला काळजी होती. पण आमचे वाद ऐकल्यावर ती मिटली. वाद एकच होता: संघात मुली किती असाव्यात? पद्माकर म्हणायचा, आठच न्या, म्हणजे सगळ्यांना खेळायला मिळेल. मी म्हणायचो, बारा न्या, म्हणजे कुणी घरी राहणार नाही. हा वाद मिटला नाही. पद्माकरच मिटला.

पंख्याचा आवाज बदलतो. टप्. टप्. टप्. कुणीतरी बॉल आपटतंय.

मी कॉलेजमागच्या कोर्टच्या पायऱ्यांवर बसलो आहे. अंगावर बंडी आणि लेंगा. शेजारी पद्माकर, तोंडात बडीशेप.

"सरक," तो म्हणतो. "माझ्या जागेवर पिशवी ठेवलीयस."

"तू मेलायस ना?"

"मेलो म्हणजे जागा सोडली, असं कुणी सांगितलं तुला?"

मी पिशवी उचलतो. त्याचा मुद्दा बरोबर आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. समोर सामना चालू आहे. मुलींचे चेहरे नीट दिसत नाहीत. बास्केट मात्र आहे, आणि बास्केटच्या जाळीत कुणीतरी कांदे भरून ठेवले आहेत.

"वर कसं काय?" मी विचारतो. "संघ आहे का तिथे?"

"आहे की."

"किती जणांचा?"

"मर्यादाच नाही. येईल त्याला घेतात. नाही म्हणायची पद्धतच नाही."

"मग माझंच खरं झालं! मोठा संघ!"

"डोंबलाचं खरं! जगात माणूस मरायला लागल्यापासूनचे सगळे बाकावर बसलेत. बाकाचं दुसरं टोक दिसत नाही."

"मग खेळतं कोण?"

"जे सगळ्यांत आधी गेले, ते पाच जण. त्यांना बाहेर काढायचं काय कारण? दम लागत नाही, पाय मुरगळत नाही. मेलेले ना!"

मी हसतो. तो हसत नाही. त्याला बाकावर बसवलेलं मला आवडत नाही, पण तक्रार कुठल्या खात्याकडे करायची, ते कळत नाही.

"म्हणूनच सांगतो," मी म्हणतो, "आठच घ्यावेत. आठ असले की सगळे खेळतात. बारा नेलेस तर पाच खेळतात आणि सात जणी पाण्याच्या बाटल्या सांभाळतात."

"अजिबात नाही! बारा म्हणजे बारा! चौघींना घरी बसवणारा तू कोण रे? एकदा पाच-पाच फाऊल होऊन बाकीच्या बाद झाल्या आणि शेवटी आपल्या दोघीच कोर्टवर उरल्या होत्या, विसरलास?"

"तो तर माझा मुद्दा आहे," मी म्हणतो.

"मग तू माझा का मांडतोयस?"

बॉल हवेतच थांबतो.

"मी गेल्यावर तू माझी बाजू घेतलीस?" तो हळूच विचारतो.

"रिकामी पडली होती. एकट्यानं वाद कसा घालणार? आता मीच बोलतो आणि मीच खोडून काढतो. लोक दोन पायऱ्या सोडून बसतात."

"आणि मला बाराची बाजू का घ्यावीशी वाटतेय?"

"बारावी जुईली आहे, पद्या."

तो कोर्टकडे बघतो. तत्त्वाचा माणूस नातीपाशी कसा अडकतो, हे मला जवळून पाहायला मिळतंय. एरवी मी यावर लेख लिहिला असता. आत्ता मला फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो. पण पाठ सापडत नाही, कारण आम्ही मंगल कार्यालयात पंगतीला बसलो आहोत.

पाचच पानं मांडली आहेत. जर्सी घातलेल्या पाच मुली जेवताहेत आणि बाकीच्या वाढताहेत. शेवटी जुईली उभी आहे. तिच्या हातात मीठ.

"हिला बसव की," पद्माकर माझ्या कानात म्हणतो.

"मी कोण बसवणारा? घोरपडे मॅडमना सांग." घोरपडे मॅडम म्हणजे संघाच्या प्रशिक्षक.

घोरपडे मॅडम यजमानीणबाईंसारखी नऊवारी नेसून दाराशी उभ्या आहेत. गळ्यात शिट्टी. मी त्यांच्यापाशी जातो.

"मॅडम, तेवढी जुईलीची बदली करा."

"आमच्याकडे होत नाही. टेबलावर विचारा."

टेबल जवळच आहे. कोर्टच्या कडेला गुणलेखकाचं असतं ना, तेच. पण त्यावर पाटबंधारे खात्याचा हिरवा कपडा आहे आणि टेबलामागे पद्माकर बसलाय. डोळ्यांवर चष्मा, कानावर पेन. नोकरीत असताना दिसायचा, अगदी तस्साच.

"साहेब," मी म्हणतो, कारण तिथं अरे-तुरे बरं दिसत नाही, "एक बदली करून हवी होती."

"प्रशासकीय की विनंती?"

"फरक काय?"

"प्रशासकीय म्हणजे दुसऱ्याला वाटलं म्हणून. विनंती म्हणजे स्वतःला वाटलं म्हणून. मुलगी स्वतः आलीय?"

"तिच्या वतीनं मी आलोय."

"नाही चालत. बास्केटबॉलचा नियम आहे. बदली खेळाडूनं स्वतः टेबलापाशी येऊन मागायची. कोचनं मागून चालत नाही, बापानं मागून चालत नाही, आबानं तर नाहीच." तो मनगटं एकमेकांवर ठेवून फुली करून दाखवतो. "अशी खूण करायची."

"इतकी वर्षं सामने पाहिले, हे तू कधी बोलला नाहीस!"

"आपण संख्येवर भांडत होतो ना."

मग तो चष्मा काढतो आणि एकदम माझा पद्या होतो.

"माझ्या सगळ्या बदल्या प्रशासकीय रे. जत, चंदगड, दोडामार्ग. बायको इथं, पोरं इथं, आणि मी तिकडे कालव्यावर. विनंती अर्ज कधी केला नाही. वाटायचं, साहेबांच्या आपोआप लक्षात येईल."

"आलं?"

"येत आलं होतं. तेवढ्यात साहेबांचीच बदली झाली."

हसावं की नाही, ते मला कळत नाही. म्हणून मी मनगटांची फुली करतो.

"मला आत सोड," मी म्हणतो.

"तुला? लेंग्यावर?"

"मी स्वतः आलोय. स्वतः मागतोय. नियमात बसतं की नाही?"

तो खुशीत येतो. बोटं तोंडात घालून शिट्टी मारतो. पंगत उठते, पानं उचलली जातात आणि खाली कोर्ट निघतं. मी धावतोय. गुडघे मुळीच कुरकुरत नाहीत, त्यामुळे ते माझेच आहेत का, अशी शंका येते. कुणीतरी माझ्याकडे बॉल फेकतं. मागून पद्माकर ओरडतो, "लेखकराव, हात पुढे! बोटं ताठ नको!"

पण मी बोटं ताठच ठेवतो.

"आबा! आबा, ओरडताय काय?"

पंखा. त्याची पाती दिसताहेत. पलंगाशी जुईली उभी आहे, खांद्यावर खेळाची बॅग.

मी उठायला हात टेकतो आणि कळवळतो. उजव्या हाताची करंगळी वांग्यासारखी सुजली आहे. रंगही साधारण तोच.

जुईली हात उलटापालटा करून बघते. "हे बॉल बसून झालंय. मुडपलंय बोट. तुम्ही झोपला होतात ना?"

"होतो. म्हणजे, बहुतेक."

"भिंतीवर आपटलं असेल."

भिंत दुसऱ्या बाजूला आहे. ती बॅगेतून चिकटपट्टी काढते, दातांनी तोडते आणि करंगळी शेजारच्या बोटाला बांधून टाकते. घट्टही नाही, सैलही नाही.

"हे कुठं शिकलीस?"

"बाकावर बसून दुसरं काय करणार? टीममधल्या सगळ्यांची बोटं मीच बांधते." पट्टीचं टोक ती अंगठ्यानं दाबते. "मग? काय ठरवलंत? देऊ जर्सी?"

"तू कधी टेबलापाशी जाऊन स्वतः बदली मागितलीस का गं?"

"मॅडम जा म्हणाल्या की जायचं असतं, आबा."

"मॅडम म्हणाल्याच नाहीत तर?"

"तर बसायचं."

"त्यांना तरी कधी म्हणालीस, की मला खेळायचंय?"

ती माझ्याकडे बघते. गुळवण्यांच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला नसावा.

"ते काय म्हणायचं असतं का?" ती म्हणते. "दिसतं की त्यांना."

"तुझे आजोबाही जन्मभर हेच समजत होते. जर्सी द्यायची तर खुशाल दे. पण आधी एकदा तोंडानं मागून बघ. आणि बोटं बांधायचं काम आज दुसऱ्या कुणालातरी करू दे. आज तुझी बोटं कुणीतरी बांधावीत."

ती बॅगेतून जर्सी काढते, तिची घडी मोडते, पुन्हा घालते, पुन्हा मोडते. शेवटी तो बोळा काखेत मारून दाराकडे जाते. द्यायला निघालीय की घालायला, मला सांगता येत नाही. तिलाही येत नसावं.

चिकटपट्टी मात्र ती माझ्या पलंगावरच ठेवून गेली आहे. करंगळी ठणकतेय.