कर्ता नसलेलं वाक्य

वन्सं हे काही त्यांचं नाव नव्हे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात वहिनीने थट्टेने तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. पुढे दोघींनी मिळून वेबसाइट बनवायची कंपनी काढली तेव्हा हाकही ऑफिसात आली. आता तर ज्यांचा नणंद या प्रकाराशी काडीचा संबंध नाही असे ग्राहकसुद्धा फोनवर विचारतात, "वन्सं मॅडम आहेत का?"

"नणंद-भावजय एका ऑफिसात? सहा महिन्यांत एकमेकींच्या झिंज्या उपटतील," असं भाकीत नातेवाइकांनी केलं होतं. सहा वर्षं झाली, झिंज्या शाबूत होत्या. कामाची वाटणीच तशी सरळ होती. बोलायचं वन्संनी आणि करायचं वहिनीने. चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत तीन टेबलं होती. खिडकीजवळ वहिनीचा मोठा स्क्रीन, दाराजवळ वन्संचे दोन फोन, आणि मधे कोडोबा. वहिनीने आखलेली पानं चालती-बोलती करायचं काम त्याच्याकडे. बोलायचं म्हणाल तर त्याचे दिवसाला सातआठ शब्द, तेही मोजून.

वन्संच्या जिभेवर साखर होती आणि त्या साखरेचं एक ठरलेलं वाक्य होतं. ग्राहकाने म्हणावं, लोगो जरा मोठा करा. "होऊन जाईल." परवा मंजूर केलेला निळा रंग आज बायकोला आवडला नाही. "होऊन जाईल." शुक्रवारी संध्याकाळी फोन यावा की चाळीस पानं सोमवारी सकाळी हवीत, तरी वन्सं हसून म्हणायच्या, "अहो, होऊन जाईल!" फोन ठेवला की फळ्यावर तारीख लिहायच्या आणि दुसऱ्या फोनकडे वळायच्या.

यात लबाडी नव्हती, भीती होती. तरुणपणी वन्सं एका छापखान्यात गिऱ्हाइकांच्या टेबलावर बसत. मालक हाताचा कसबी, पण तोंडाचा फटकळ. "जमणार नाही" हे त्याचं पालुपद. एकेक गिऱ्हाईक समोरच्या गल्लीत गेलं आणि एके दिवशी यंत्रं भंगारात निघाली. मालक उंबऱ्यावर बसून बघत होता. वन्संनी तेव्हाच कानाला खडा लावला की आपल्या तोंडून नकार म्हणून जाऊ द्यायचा नाही.

वहिनीचा उजवा अंगठा दुखायला लागला तो आदल्या वर्षी. आधी ती हात गरम पाण्यात धरायची. मग मनगटाला पट्टा आला. मग माउस डाव्या हातात गेला, पण बारीक काम आलं की पुन्हा उजवाच पुढे व्हायचा. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की दीड महिना या हाताला पूर्ण विश्रांती द्या. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही पकड पहिल्यासारखी येईलच असं नाही.

"दीड महिना गं," वहिनी म्हणाली. "माझ्या जागी कोणीतरी घे, नाहीतर नवीन काम घेऊ नकोस. दोन्हींतलं एक कर."

"नवीन काम बंद," वन्सं म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या. वहिनीचा हात म्हणजे कंपनीचा हात, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. आणि कंपनी गेली खड्ड्यात, ही बाई त्यांना सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी सोफासेठ आले. फर्निचरच्या दुकानांचे मालक, कंपनीचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघायची त्यांना सवय. नवीन शोरूम उघडणार, नवीन साइट हवी, तीनशे वस्तूंचे फोटो साफसूफ करून मांडायचे.

"बारा दिवसांत द्या," सोफासेठ म्हणाले.

वन्संना खिडकीकडे बघायचं धाडस झालं नाही. बघितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण जिभेला वळणच पडलेलं. "होऊन जाईल," त्या म्हणाल्या.

सोफासेठ जिना उतरून गेले. वहिनीने स्क्रीन बंद केला आणि खुर्ची वळवली. तिचे वडील शाळेत भाषा शिकवायचे, ते तिच्या बोलण्यात मधूनच डोकावायचं.

"एक विचारू? 'होऊन जाईल' या वाक्यात कर्ता कोण?"

"आता काय व्याकरणाचा तास घेतेस?"

"सांग ना. कर्ता कोण?"

"काम," वन्सं म्हणाल्या. "काम होऊन जाईल."

"काम स्वतःच होतं? अंधार होतो, उजाडतं, तसं?" वहिनीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच वन्संना ऐकवेना. "सहा वर्षं तू एकच वाक्य बोलतेस आणि त्यात माणूसच नसतं. एकदा तरी म्हण ना, 'माझी वहिनी करील.' म्हणजे ऐकणारा निदान विचारील, तिला जमेल का म्हणून." तिने पट्टा सोडला आणि हात टेबलावर ठेवला. अंगठ्याचं मूळ सुजून गोल झालं होतं.

कोडोबाची बोटं कीबोर्डवर थांबली. वन्संना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला. "मग काय, दारी आलेल्या माणसाला हाकलून देऊ? बाकीचे टपलेलेच आहेत!"

"नको हाकलूस," वहिनी म्हणाली. "करते मी."

आठ दिवस तिने काम केलं. डावा हात चुकायचा, उजवा दुखायचा. खुर्च्या झाल्या, पलंग झाले. कपाटांपाशी गाडी अडखळली. कोडोबाने न सांगता निम्मे फोटो आपल्याकडे ओढले, पण त्याला ते नीट जमेनात. वन्सं सारखा चहा विचारायच्या. तेवढंच त्यांच्या हातात होतं. नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. वहिनीला दाराची किल्लीसुद्धा फिरवता आली नव्हती. डॉक्टर आता थांबायला तयार नव्हते, दुसऱ्या दिवशीच ऑपरेशन होतं.

वन्संनी फोन ठेवला आणि लगेच दुसरा उचलला, कारण थोडं जरी थांबल्या असत्या तर तो उचललाच नसता. छापखान्याचा मालक डोळ्यांसमोर होता.

"सेठ, बारा दिवसांत होणार नाही. माझी वहिनी हे काम करते. तिच्या हाताचं ऑपरेशन आहे. महिना तरी लागेल."

वन्संनी डोळे मिटून घेतले.

"अहो, मग घ्या की महिना," सोफासेठ म्हणाले. "शोरूमला अजून लाद्या बसायच्यात. त्यांच्या हाताला जपा म्हणावं."

"पण तुम्ही बारा दिवस..."

"मी नेहमी निम्मेच दिवस सांगतो हो! सुतार असो, रंगारी असो. समोरचा वाढवून मागतो, मग आपण मधे कुठेतरी ठरवतो. तुम्हीच एकट्या अशा की कधी मागितलेच नाहीत. मी घरी सांगतो, या बायकांकडे काय फौज आहे कोण जाणे!" आणि ते मोकळेपणी हसले.

वन्संनी फोन ठेवला. कोडोबाने मान वर करून बघितलं, तेव्हा त्या फळ्यावरची तारीख पुसत होत्या.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. वहिनी डाव्या हाताने चमचा धरून सूप पीत होती, निम्मं हनुवटीवर जात होतं. वन्संनी रुमाल पुढे केला.

"सोफासेठ खूप बोलला का गं तुला?" वहिनीने विचारलं. स्वतःचा हात असा, आणि तिला काळजी वन्संची.

हो, बोलला, असं म्हणून टाकणं वन्संना मुळीच अवघड नव्हतं. गोड बोलण्यात सगळा जन्म गेला होता. पण समोरच्या या माणसाशी आता तसं बोलवेना. त्यांनी फोनवर झालेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. निम्म्या दिवसांचं, लाद्यांचं, फौजेचंही.

वहिनीने चमचा वाटीत ठेवला. डावा हात त्या बँडेजवर ठेवला.

"वन्सं," ती म्हणाली, "हे मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं."