वहिनी रेझ्युमेत कुठेच नव्हती

वहिनीने सकाळपासून टेबल तीनदा पुसलं होतं. लॅपटॉप उचलायचा, खाली फडकं मारायचं, लॅपटॉप पुन्हा ठेवायचा. मी दारातून आत आले तेव्हा ती चौथ्यांदा उचलत होती. सव्वादोन वाजले होते. अर्ज पाचच्या आत पाठवायचा होता, त्यानंतर वेबसाइट बंद.

"वहिनी, ते फडकं इकडे दे आणि बस."

"बसते गं. जरा टेबल..."

"टेबलाला नोकरी नाही लावायची आपल्याला."

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर, कुणी हाक मारली की पळायला बरं अशी.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. अकरा वर्षं ती एका केंद्रात बिहेविअर थेरपिस्ट आहे. काही मुलांना काय होतंय ते सांगता येत नाही, म्हणून ती चावतात, ओरडतात, भर रस्त्यात आडवी पडतात. अशा मुलांबरोबर रोज बसून त्यांचं वागणं हळूहळू बदलायचं, हे तिचं काम. आता केंद्राची इमारत विकली गेली आणि महिनाअखेर केंद्राला टाळं लागणार. मुलांच्या एका हॉस्पिटलात जागा निघाली होती. एकच. ती हुकली तर दादाने सोय करून ठेवली होती, त्याच्या मित्राच्या फरश्यांच्या दुकानात, काउंटरवर. "गारव्यात बसायचं, कोणी चावणार नाही," असं तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, आणि वहिनी दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही. तिचं वय सत्तेचाळीस. एकदा काउंटरला बसली की पुन्हा मुलांच्या खोलीत कोणी बोलावणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

माझं म्हणाल तर मी एका मोठ्या ऑफिसात भरती बघते. दिवसाला दोनशे रेझ्युमे. एकाला दहा सेकंद, फार तर पंधरा. ऑफिसात मला दगड म्हणतात, घरात लवंगी. दोन्ही नावं मी कमावलेली आहेत.

"दाखव काय लिहिलंस."

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि उठून गॅसपाशी गेली. दोन पानं होती. वर नाव, पत्ता, नऊ महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र. खाली असं: 'मुलगा, वय पाच. सुरुवातीला दिवसातून चौदा वेळा चावत असे. आठ महिन्यांनंतर एकदाही नाही. मदत लागली नाही.' मग दुसरं मूल, तिसरं मूल. प्रत्येकाच्या शेवटी तेच, मदत लागली नाही.

मी कपाळावर हात मारला.

"वहिनी, यात तू कुठे आहेस?"

"वर नाव आहे की."

"नाव पोस्टमनसाठी झालं. हे वाचून तिथली बाई म्हणेल, मुलं आपोआप सुधारली, मग हिला पगार कशाचा द्यायचा?"

"आमच्याकडे असंच लिहितात गं." तिने ओटा पुसायला घेतला. "आधी मुलाच्या हातावर हात ठेवून करून घ्यायचं. मग नुसतं मनगटाला धरायचं, मग कोपराला बोट लावायचं. मग शेजारी बसायचं, मग दाराशी उभं राहायचं, शेवटी खोलीबाहेर. नोंदीत 'मदत लागली नाही' आलं की फाइल बंद. तिथे मी 'मी केलं' असं लिहिलं तर काम अर्धवट राहिलं असा अर्थ होतो."

अकरा वर्षं हात काढून घ्यायची सवय लागलेली बाई स्वतःच्या रेझ्युमेतूनही हात काढून घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, उत्तम लिहिलंय.

मग आमची वरात सुरू झाली. ती स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, आणि मी लॅपटॉप घेऊन तिच्या मागे. "हा मुलगा चावायचा, तू काय केलंस?" "काही नाही, त्याच्याजवळ बसले." "किती वेळ?" "रोज दोन तास." "आणि?" "चावलं की ओरडायचं नाही, एवढंच." एकेक शब्द चिमट्याने काढावा लागत होता. मध्येच दादाचा फोन, झालं का? मी म्हटलं, नाही. अर्ध्या तासाने पुन्हा, झालं का? मी फोन उलटा करून ठेवला.

दुसऱ्या पानाच्या शेवटी एका मुलीपाशी आम्ही अडलो. सहा वर्षांची मुलगी, भिंतीवर डोकं आपटायची.

"तू काय केलंस?"

"मध्ये हात ठेवला."

"कशाच्या मध्ये?"

"डोकं आणि भिंतीच्या. तीन महिने. मग हात एक बोटभर मागे, मग आणखी मागे. तोवर तिला 'नको' म्हणायला एक खूण शिकवली. खूण यायला लागली, आपटणं थांबलं."

माझी नजर तिच्या करंगळीवर गेली. ती वाकडी आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, गाडीच्या दारात सापडली होती म्हणून.

"वहिनी, ही करंगळी दारात सापडली होती ना?"

नळ बंद होता, तो ती पुन्हा घट्ट करून आली.

"खरं सांगितलं असतं तर तुझ्या दादाने दुसऱ्या दिवशी काम सोडायला लावलं असतं," ती म्हणाली.

मला भरून आलं आणि त्याचाच राग आला. मी ते सगळं भराभर टाइप केलं, 'मी' घालून. ती मागे उभी राहून प्रत्येक 'मी'ला चुळबुळत होती, पण चांगलं उतरलं होतं. मी स्वतः असा उमेदवार नक्की बोलावला असता.

पावणेचार वाजले. फॉर्मच्या तळाशी आणखी एक रकाना होता. तुमचं काम जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीचं नाव आणि नंबर. केंद्राच्या मॅडम इमारत विकल्यापासून कोणाचेच फोन घेत नव्हत्या. पालक चालतील, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

"त्या मुलीच्या आईला लाव."

"फाइल बंद झाल्यावर आपण फोन करायचा नसतो. त्यांना लागलं तर ते करतात."

"पाचला सगळंच बंद होणार आहे, वहिनी."

ती नंबर काढून तशीच उभी राहिली. शेवटच्या दिवशी त्या आईने तिचे दोन्ही हात धरले होते, म्हणाली होती, कधीही काहीही लागलं तर सांगा. हे सांगून झाल्यावर तिने फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकर मीच चालू केला.

"कोण?" बाई म्हणाल्या. वहिनीने नाव सांगितलं, केंद्राचं नाव सांगितलं. मग तिकडे एक दार लागल्याचा आवाज आला आणि बाईंचा आवाज खाली गेला.

"हो, ओळखलं. बोला."

वहिनीने कसंबसं सांगितलं, एक नोकरी आहे, तुमचं नाव दिलं तर चालेल का.

"त्याचं काय आहे," बाई म्हणाल्या, "ती आता नववीत आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. शाळेत कोणाला माहीत नाही, इमारतीत कोणाला माहीत नाही. आणि खरं सांगू का, ते वयानुसार गेलंच असतं. डॉक्टरही तेच म्हणाले."

"हो," वहिनी म्हणाली. "झोप लागते का तिला नीट?"

"छान झोपते. शाळेच्या नाचात आहे."

"नाचात?"

"हो. तुम्ही राग मानू नका, पण पुन्हा फोन नका करू."

"नाही करणार. बरं झालं सांगितलंत."

फोन ठेवल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वयानुसार गेलं असतं म्हणे! मी पुन्हा नंबर लावायला निघाले होते, वहिनीने फोन काढून घेतला. मग खुर्चीवर बसली, दिवसभरात पहिल्यांदा नीट मागे टेकून, आणि त्या मुलीचा सगळा मजकूर निवडून पुसून टाकला.

"अगं काय करतेस! तिचं नाव कुठे आहे त्यात?"

"तिच्या आईला नकोय ते कुठे असलेलं."

"तिला कळणार कसं?"

"मला कळेल ना."

"मग बस जाऊन फरश्या विकत," मी म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलंच. वहिनी उठून आत गेली. मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायची अक्कल मला वेळेवर कधीच सुचलेली नाही. मी तिथेच पाय हलवत बसले. सव्वाचार झाले, साडेचार झाले. माझ्यापुढे जेमतेम दीड पान उरलं होतं, त्यात पाच मुलं होती आणि सगळ्यात चांगलं काम गेलं होतं.

"केंद्राच्या व्हॅनवाल्या काकांचं नाव लिही," आतून आवाज आला. "अकरा वर्षं मुलांना आणतायत. दारात रोज तेच बघतात कोण कसं उतरलं."

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "लिहा माझं नाव. पण त्यांना सांगा, फोन करायचा तर निवांत वेळ काढून करा, मी तासभर बोलणार आहे." मी लिहिलं.

वहिनी बाहेर आली, तोंड धुतलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी सगळ्यात वर टाइप करायला लागली. चार चाळीस. चार पंचेचाळीस. मी एकदाही घाई केली नाही, विश्वास ठेवा अगर नका ठेवू. झाल्यावर तिने लॅपटॉप वळवला.

'मुलांना माझी गरज उरू नये यासाठी मी काम करते. अकरा वर्षांत सतरा मुलांना माझी गरज उरली नाही.'

मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

"आकडा नक्की आहे ना? मुलाखतीत पहिला तोच विचारतील."

"नक्की आहे. सकाळी सोळा होती."

मला कळलं नाही, हे तिला दिसलं असावं.

"त्या मुलीची फाइल केंद्राने बंद केली होती," वहिनी म्हणाली. "मी नव्हती केली." आणि तिनेच बटण दाबलं.