बाकावरची जागा

नवऱ्याची बदली व्हिएन्नाच्या दूतावासात झाली आणि आम्ही आठ वर्षांच्या मीरासाठी तिसऱ्या देशातली तिसरी शाळा शोधू लागलो. एका शाळेत मुख्याध्यापिका आम्हाला प्रयोगशाळा दाखवत होत्या, पण माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. कोवळ्या उन्हात बाकावर सफरचंद खात बसलेली एक मुलगी अंगणात गेलेल्या मीराला पाहून जराशी सरकली. मीरा तिच्याशेजारी बसली. आपलं गाव म्हणजे तरी काय, कुणीतरी सरकून दिलेली एवढीशी जागाच ना, असं मनात तरंगत राहिलं.

परतताना मीराने विचारलं, "आई, इथून आपण कधी जायचं?"

"तीन वर्षांनी."

तिने मागे वळून त्या बाकावरच्या मुलीकडे पाहिलं.

"मग पहिल्याच दिवशी तिचं नाव विचारते."