गिरणीतला फळा

भूगावच्या शाळेच्या दारात धाऊ येऊन उभा राहिला तेव्हा मी हजेरी घेत होतो. रिह्याच्या वरच्या वाडीतला हा ढोलवाला, एवढं अंतर पायी तुडवून आलेला. "गुरुजी, यसूकाकू गेली," म्हणाला आणि पायरीवरच बसला. तेरावाही होऊन गेला होता... मला कळवायचं बाकी कुणाला सुचलं नाही, ते त्याला सुचलं.

यसूकाकू ही रिह्यातल्या भाताच्या गिरणीची मालकीण. काही वर्षांपूर्वी मी तिथल्या शाळेत होतो. भात भरडून झालं की गिरणीची शेड रिकामी व्हायची आणि काकू ती वाजवणाऱ्यांना खुली करायची. भजनी मंडळ, सनईवाले, पेठेतला बँड, वाडीचे ढोल... कुणालाही मज्जाव नाही. शेडभर कोंडा असल्यामुळे कंदिलाला मात्र बंदी, सगळं उजेडातच उरकायचं. येत्या शनिवारी कोण वाजवणार ते दाराशेजारच्या फळ्यावर मी लिहायचो, कारण काकूला अक्षरओळख नव्हती. तिचा हिशेब वेगळा होता. भात आणणाऱ्याने पोत्याची सुतळी खुंटीला बांधली की त्याचा नंबर लागला. वाजवणाऱ्यांनाही तोच कायदा.

एका शनिवारसाठी धाऊने ढोलाची दोरी आधी बांधली, बँडवाल्यांनी मागून. दुसऱ्या दिवशी बँडमास्तर पितळी बटणांचा कोट घालून शाळेत हजर. "वाडीवाल्यांच्या मागनं आमी वाजवायचं व्हय, गुरुजी?" मी राहत होतो ती खोली त्याच्या मेहुण्याची होती. मी मुकाट्याने गेलो, बाहीने फळा पुसला आणि बँड वर, ढोल खाली असं लिहून आलो. वाडीच्या माणसांना अंधाराच्या आत डोंगर चढायचा असे. त्यांना खाली लिहिणं म्हणजे न वाजवताच परत धाडणं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आज लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी शेड गच्च भरली. काकू उठली आणि म्हणाली, "धाऊ, घे रं ढोल."

बँडमास्तर उसळला. "फळा वाच की, काकू! न्हाई तर कुणाकडनं वाचून घे!"

लोक हसले. काकूने खुंटीवरच्या दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. क्षणभरच.

"गुरुजींनी बराबर लिवलंय," ती म्हणाली. "आमच्यात खालनं वर वाचत्यात."

धाऊने ढोल असा वाजवला की पत्रे थरथरले. नंतर बँडही वाजला, आणि खोटं कशाला बोलू, झकास वाजला.

दोन दिवसांनी काकू पाटी घेऊन माझ्यासमोर. "मला अक्षरं शिकवा, गुरुजी. तुमाला उगा घोर नको." टोमणा नाही, राग नाही. मी शिकवली. माफी मागायची मात्र राहिली. आज नको, उद्या म्हणत राहिलो, आणि बदलीचा कागद आला.

धाऊ सांगावा घेऊन आला त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर रिह्याला गेलो. इंजिन गार पडलेलं. फळा तिथेच होता, त्यावर काकूचं अक्षर, वेलांट्या वाकड्यातिकड्या. जाण्याआधी लिहिलेले तीन शनिवारांचे कार्यक्रम, तारखांसकट. वाचताना मी अडखळलो. शेवटचा शनिवार सगळ्यात वर होता आणि पहिला पार तळाला.

"हे असं का रे लिहिलंय?"

"ती तवापासनं खालनं वरच लिवायची," धाऊ म्हणाला. "कुनी इचारलं तर म्हनायची, गुरुजींनी तशी रीत घालून दिलीया."