धुतलेला फ्लास्क

आमच्या कॉलेजच्या रसायनशाळेत भांडी खराब करणारे आम्ही दोनशे जण होतो आणि धुणाऱ्या एकट्या मावशी. एकोणीस वर्षं त्या तिथे परिचर होत्या. काचेची भांडी धुवायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, गॅसच्या तोट्या बंद आहेत की नाही ते संध्याकाळी दोनदा बघायचं, हे त्यांचं काम. कुणाच्या हातून फ्लास्क फुटला की मावशी "त्याला आधीच तडा होता, सर" असं इतक्या सहज सांगायच्या, की फोडणाऱ्यालाही ते खरं वाटायचं.

मी वर्गात पहिली यायचे. हे मी सांगितलं नाही तरी लोकांना कळायचं, कारण मी तशीच वागायचे. ज्याला गणित कळत नाही त्याने ते पुन्हा वाचावं, उगाच माझा वेळ खाऊ नये, असं माझं स्वच्छ मत होतं. माझी घमेंड उतरायची ती प्रात्यक्षिकाला. वरच्या ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या काचनळीतून, जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं आणि खाली फ्लास्कमधलं पाणी जेमतेम गुलाबी झालं की तोटी बंद करायची, एवढंच ते काम. माझं पाणी दर वेळी शाई व्हायचं.

एकदा चारनंतर एकटीच सराव करत होते. तिसरा फ्लास्क काळाजांभळा झाला तेव्हा मावशी सिंकपासून म्हणाल्या, "पोरी, तू तोटीकडे बघतेस. तोटीचं काय बघायचं? ती हाताला कळते. तू फ्लास्ककडे बघ."

आणि स्वतःचे हात मागे बांधून त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पाचव्या खेपेला माझं पाणी गुलाबी झालं. मी घाईघाईने आकडेमोड करायला लागले, तर त्या वहीत डोकावल्या. "हे आकडे कुठून आणता गं तुम्ही? मला हे शिकवशील?"

मग कळलं, त्यांनी बारावी विज्ञानाचा अर्ज बाहेरून भरला होता. अकरावी झाली, लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. आता जूनमध्ये प्रयोगशाळा सहाय्यक निवृत्त होणार होते. प्राचार्यबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, जूनच्या आत गणितासह बारावीचं प्रमाणपत्र आणलं तर जागा तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस घेऊ. "तो कुणी नवा पोरगा येणार," मावशी म्हणाल्या, "त्याला मी सगळं शिकवणार, आणि मग तो मलाच सांगणार, ही बाटली धू."

मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर नाही म्हणायचं होतं, पण परीक्षेपर्यंत माझा हात त्यांनीच बसवायचा होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; मला मात्र गरजेपोटीच थोडी आली.

हळूहळू आम्ही चौघं झालो. एक वर्गातला 'कॅल्क्युलेटर'. हा मुलगा तीन आकडी गुणाकार तोंडी करायचा आणि दशांशचिन्ह हमखास भलत्या जागी ठेवायचा. दुसरी माझी मैत्रीण 'जपून'. कुणी काचेला हात लावला की ती "जपून!" म्हणायची, म्हणून तेच तिचं नाव पडलं. चार ते सहा आम्ही रसायनशाळेतल्या छोट्या फळ्यापाशी बसायचो. घरी मावशींच्या सासूबाई स्वयंपाक सांभाळायच्या. नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर.

नियम मावशींनीच घालून दिला. ज्याला येत नाही त्याच्या हातात खडू, आणि ज्याला येतं त्याने हात मागे बांधून फक्त बोलायचं. मला याचा भयंकर राग यायचा. समोरचा माणूस डोळ्यांदेखत अधिकच्या जागी उणे लिहितोय आणि आपण हात बांधून उभे! जीव नुसता खालीवर व्हायचा. त्यात मावशी एकेका पायरीला विचारायच्या, "पण असं का?" पहिल्या दिवशी मी तोऱ्यात उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की निम्म्या 'का'ची उत्तरं मलाच ठाऊक नाहीत. मी ती पाठ करून पहिली येत होते.

एके संध्याकाळी कॅल्क्युलेटरने फळ्यावर उत्तर लिहिलं, एका लिटरमध्ये तीनशे सोळा ग्रॅम परमँगनेट. मावशी पोट धरून हसल्या. "अरे, मी तीन ग्रॅम आणि वर चिमूटभर घालते. तीनशे घातलं तर बाटलीत चिखल होईल." त्यांना मुक्कामाचं गाव ठाऊक असायचं आणि आम्हाला रस्ता. गणितातल्या संकलनाने, म्हणजे इंटिग्रेशनने, त्यांचे तीन आठवडे खाल्ले. मला वाटायचं, प्रात्यक्षिकात त्या डोळे मिटून पास होतील, पण गणितात काही खरं नाही.

प्रात्यक्षिक परीक्षेला केंद्र आमचीच रसायनशाळा होती. मावशी उमेदवार, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि द्रावणं करायला दुसऱ्या कॉलेजचा परिचर आला. मावशींचं टेबल माझ्या शेजारी. ब्युरेटवरची तीन वाचनं झाली की हात वर करायचा, बाहेरून आलेले परीक्षक रंग आणि ब्युरेट बघून सही करणार.

मावशींचं सगळ्यांच्या आधी झालं. त्यांनी हात वर केला. परीक्षक पार दुसऱ्या टोकाला होते. मिनिट गेलं, दोन गेली. मावशींच्या समोर वापरलेला फ्लास्क होता. त्यांचा हात खाली आला, फ्लास्क उचलला, सिंकपाशी नेला आणि खळखळून धुतला. मग ब्युरेट रिकामी केली, विसळली आणि स्टँडला उलटी लावून टाकली.

"जपून!" मागून माझी मैत्रीण ओरडली. परीक्षक तिच्यावर खेकसले. पण उशीर झाला होता.

"तुमचं वाचन कुठे आहे?" ते मावशींपाशी येऊन म्हणाले.

"धुतलं, सर."

"धुतलं म्हणजे?"

"झालं की धुतेच मी." आणि मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. 

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं आहेत. सही नाही तर गुण नाहीत. तिन्ही वाचनं पुन्हा करा."

माझ्या स्वतःच्या फ्लास्कमध्ये काय चाललंय ते मी विसरले. मावशींनी ब्युरेट भरली, तीन फ्लास्कमध्ये एकदमच आम्ल घेतलं. एक बर्नरवर तापतोय तोवर दुसऱ्याचं काम ब्युरेटखाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात मात्र अगदी स्थिर चालत होते. परीक्षक शेजारीच उभे. तिन्ही वेळा नऊ पूर्णांक आठ, तिन्ही वेळा तोच फिकट गुलाबी.

त्यांनी सही केली. "बाई, इतकी वर्षं कुठे होतात तुम्ही?"

"इथेच, सर. सिंकपाशी."

बाहेर आल्यावर मात्र त्या मटकन पायरीवर बसल्या. आकडेमोडीत दशांशचिन्ह कुठे दिलं ते त्यांना काही केल्या आठवेना. पुढे गणिताचा पेपर झाला, त्याबद्दल तर त्यांनी बोलायलाच नकार दिला.

निकालाच्या दुपारी मी धावत रसायनशाळेत गेले. मावशी बाटल्या पुसत होत्या. बैठक क्रमांकाची चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे न बघताच पुढे केली. "तूच बघ. मला सांगू नकोस. म्हणजे, सांग."

फोनवर पान उघडेना. उघडलं. "रसायनशास्त्र चौसष्ट. भौतिकशास्त्र एक्कावन्न." मी थांबले. पस्तीसला पास. "गणित... एकेचाळीस. मावशी, पास! सगळ्यात पास!"

त्यांनी बाटली जपून फळीवर ठेवली आणि माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. मीही रडले. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटत होतं, आणि तो दगड माझाही होता हे मला तेव्हाच समजलं. माझा निकाल मी अजून बघितलाच नव्हता.

मग त्यांनी घरी फोन लावला, पण हुंदकेच थांबेनात. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. सासूबाई तिकडून "अगं काय झालं? बोल की!" म्हणत होत्या. मी एकेका विषयाचे गुण वाचून दाखवले.  पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"पुन्हा एकदा सांग, बाळ," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने सांग. शेजारीण आलीय, तिलाही ऐकू दे."