यॉटला म्हशीची गाठ

भाटघर धरणाच्या काठावरच्या रिसॉर्टात कोंडिबा आणि त्याची बायको साळूबाई पाहुण्यांची यॉट धुवायच्या कामाला होते. त्या दुपारी कोंडिबाने यॉट धक्क्याच्या खुंटाला बांधली ती म्हशीच्या दाव्यासारखी, एका ओढीत सुटणारी. जन्मभर हाताला तीच गाठ. साळूबाई आत पांढरे सोफे पुसत होती. वारा वाढला, यॉटने हिसडे दिले आणि गाठ सुटली.

खिडकीतून साळूबाईला धक्का आणि त्यावर उभा कोंडिबा लांब जाताना दिसला.

"अवं, तुमी कुठं चाललाय?"

"म्या न्हाई, तूच चाललीयास. मधी बस. कडंला येऊ नगंस."

दोघांनाही पोहता येत नव्हते. यॉटचा दोर पाण्यावरून सरपटत दूर चालला होता. कोंडिबा काठावरून छातीइतक्या पाण्यात शिरला. पायाखालचा गाळ सरकत असतानाच दोराचे टोक मुठीत आले. त्याने ते कमरेला गुंडाळले आणि टाचा रोवत एकेक पाऊल मागे घेतले. तळहाताची साल निघाली.

यॉट काठाला लागली. साळूबाई उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. कोंडिबा पुन्हा बांधायला गेला, पण सोललेल्या तळहाताने दोर धरवेना.

"ऱ्हाऊ द्या," म्हणत तिने तो ओढून घेतला. रिसॉर्टचे साहेब येईपर्यंत ती दोर दोन्ही हातांनी धरून बसली.