सव्वाचारला थांबलेलं घड्याळ घेऊन सेलू ते झरी

बाबा गेल्यावर आजोबांचं मनगटी घड्याळ माझ्याकडे आलं आणि त्याच्यासोबत घरातली गोष्टही आली. पेडगावच्या शाळेत शिकवणारे आजोबा सव्वाचारला गेले, त्याच क्षणी घड्याळही थांबलं. म्हणून त्याला कुणी हात लावायचं नाही. मला मात्र ते रोज वापरायचं होतं. त्यासाठी झरीच्या सुमनआत्याची परवानगी हवी होती, कारण आजोबांच्या मुलांपैकी आता तीच उरली आहे.

दुरुस्त होतं का ते आधी बघावं म्हणून पुण्याहून निघून सेलूला उतरले. कापसाच्या हंगामात जाणार असाल तर आरक्षण लवकर करा. बाजाराच्या रस्त्यावर कापसाच्या टेम्पोंची रांग होती आणि त्यांतून उडालेला कापूस बाभळींना लटकला होता. तिथेच एका जुन्या दुकानात घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं.

"घरी म्हणतात स्विस आहे," मी म्हणाले.

"समद्याच घरात म्हणतेत ताई. आपल्याच सरकारी कारखान्यातलं हाय हे. रोज चावी द्यायचं. मशीन चांगलं हाय, तेल वाळलंय निस्तं. डायल नवी टाकू का? लय चकाचक दिसंल."

पिवळी पडलेली डायल मला हवी होती. तुम्हीही जुनं घड्याळ नेलंत तर हे आधीच सांगा, नाहीतर घरचं घड्याळ ओळखू येणार नाही.

"चालवून मात्र बघावं लागंल," ते म्हणाले.

"बघा. पण देताना बंद करून काटे परत सव्वाचारवर आणा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान डोलावली. खाणावळीत भाकरी आणि झणझणीत ठेचा खाऊन परतले तोवर ते सुरू झालं होतं. कानाला लावलं तेव्हा गलबलून आलं. मग त्यांनी भरलेली चावी उतरवून ते बंद केलं आणि काटे सव्वाचारवर आणले.

सेलूहून परभणी रेल्वेने आणि पुढे झरीला एसटीने गेले. वाटभर पर्समधल्या घड्याळापायी जीव टांगणीला लागला होता. आत्या नाही म्हणाली तर ते पुन्हा कपाटातच जाणार होतं.

"जय भीम, आत्या," म्हणत आत शिरले. चहा झाल्यावर घड्याळ तिच्या हातात ठेवलं आणि ते दुरुस्त करून काटे परत सव्वाचारवर आणलेत हे सांगून टाकलं. तिने काटे निरखून पाहिले. आजोबांना ती दादा म्हणायची.

"दादा सव्वाचारला कुठं गेले माय? दुपारी जेवायच्या वक्ताला गेले. हे तर दुसऱ्या दिवशी बंद पडलं."

"मग सगळे असं का सांगतात?"

"ऐकून बरं वाटायलं लोकाला. म्या बी बोलले न्हाई." तिने चावीवर बोट फिरवलं. "दादा शाळेत जायला निघले की म्हनायचे, सुमे, चावी दे. रोज मीच द्यायची. त्या दिवशी बी दिल्ती. दुसऱ्या दिवशी कुणी म्हनलंच न्हाई."

मी म्हणाले, "आत्या, चावी दे."

तिने दिली. कुठे थांबायचं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. मग तिनेच ते माझ्या हातात बांधलं.

पुण्यात येऊन आता बरेच दिवस झाले. घड्याळ थोडं मागे पडतं, त्याचं काही वाटत नाही. सकाळी आवरून झालं तरी मी चावी देत नाही, आत्याच्या फोनची वाट बघते. फोन आला की तो घड्याळाजवळ धरून चावी देते. आत्या चावीची कुरकुर ऐकत राहते आणि शेवटी म्हणते, "बास, भरली. जा आता कामाला."